सकाळी सहाचं शून्य

बँकॉकच्या लाट फ्राव भागात, एका गल्लीच्या तोंडाशी असलेल्या आमच्या दुकानात एक यंत्र होतं. गिऱ्हाईक काउंटरसमोर उभं राहिलं की त्याच्या श्वासावरून ते यंत्र चार आजार ओळखायचं. त्या एका दुकानात त्याने एकेचाळीस माणसांना वेळेवर डॉक्टरकडे धाडलं. पण काउंटरच्या मागे रोज नऊ तास उभ्या राहणाऱ्या सायफिनबाईंचा आजार त्याला कळला नाही. यंत्रात बिघाड नव्हता. मी शिकवलं होतं तसंच ते वागलं. मी म्हणजे श्रीरंग शेटे, मूळचा मिरजेचा. हे मी स्वतःची बाजू मांडायला लिहीत नाही, कारण मांडण्यासारखी बाजू माझ्याकडे नाही.

आधी दुकानाबद्दल सांगायला हवं. मिरजेत आमच्या वडिलांचं किराणा दुकान होतं आणि ते दुपारी एक ते चार बंद असायचं. त्या वेळात साक्षात ब्रह्मदेव पावशेर साखर मागायला आला असता तरी वडिलांनी त्याला पायरीवर बसवलं असतं. बँकॉकची ही छोटी दुकानं मात्र कधीच बंद होत नाहीत. दर गल्लीला एक, कधीकधी समोरासमोर दोन. काचेचं दार सरकलं की घंटी वाजते आणि थंडगार हवेचा झोत अंगावर येतो. त्या हवेसाठी गल्लीतली कुत्री दारातच पसरलेली असतात आणि माणसं त्यांना ओलांडून आत जातात. आत वाफाळलेले पाव, उकडलेली अंडी, तव्यावर फिरणारे सॉसेज, एकेका पिशवीत एकेकटं बसलेलं केळं, छत्र्या, डोकेदुखीच्या गोळ्या. वीजबिलही तिथेच भरायचं. आमच्या साखळीची अशी अडतीसशे दुकानं थायलंडभर होती. साखळीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही.

या दुकानांत रोज ढिगाने अन्न फेकलं जायचं, कारण पाकिटावरची तारीख उलटायची. २०३२ साली कंपनीने ठरवलं की तारखेवर विसंबण्यापेक्षा वास घ्यावा, आणि त्यासाठी मला नेमलं.

यंत्र डब्याएवढं होतं, काउंटरच्या कडेला जाळीमागे बसवलेलं. त्याचं नाक म्हणजे एक पातळ पट्टी आणि तिच्यावर चौसष्ट ठिपके. प्रत्येक ठिपक्यावर वेगळ्या रसायनाचा लेप. हवेतले रेणू लेपाला चिकटले की त्या ठिपक्यातून जाणारी वीज किंचित कमीजास्त होते. एकही ठिपका कुठलाच वास नेमका ओळखत नाही. चौसष्ट शेजारणींनी एकाच भांडणाची चौसष्ट वर्णनं करावीत आणि त्यातून खरं काय घडलं ते आपण ताडावं, तसं संगणक सगळ्यांचं ऐकून ठरवतो की हा आंबलेला भात आहे की शिळं मांस.

पण वास हा नेहमी फरकानेच मोजावा लागतो. वडील तेल मोजून देताना गिऱ्हाइकाच्या रिकाम्या किटलीचा आधी धडा करायचे. दुसऱ्या पारड्यात किटलीच्या भाराइतकं वजन टाकून काटा मध्ये आणायचा, मग तेल ओतायचं. यंत्रालाही तसाच धडा लागतो. रोज एकदा त्याला सांगावं लागतं की ही हवा म्हणजे शून्य, आता यापेक्षा जे वेगळं असेल ते सांग. पुस्तकात लिहिलंय की हे काम शुद्ध हवेच्या नळकांड्याने करावं. अडतीसशे दुकानांत दर आठवड्याला नळकांडी पोचवायची कोणी? मी म्हटलं, दुकानातलीच हवा शून्य धरू. पहिलं यंत्र लाट फ्रावच्या दुकानात बसवलं, कारण मी त्याच गल्लीत राहत होतो.

त्या दुकानाच्या दिवसपाळीच्या प्रमुख म्हणजे सायफिनबाई. वय एक्कावन्न, ठेंगण्या, चालणं भराभरा. ईशान्येकडच्या ईसान प्रांतातून तीस वर्षांपूर्वी शहरात आलेल्या. थाई लोक वयाने मोठ्या माणसाला नावाआधी 'पी' लावतात, आपल्या ताई-दादासारखं. मी त्यांना पी सायफिन म्हणायचो आणि त्या मला 'नोंग रंग', म्हणजे धाकटा रंग. श्रीरंगमधला श्री त्यांनी पहिल्याच दिवशी परत केला होता.

यंत्र बसवल्यावर चार दिवस रोज दुपारी साडेबाराला ते ओरडायचं की सॉसेज खराब झाले. दुकानातल्या पोरी निमूटपणे सॉसेज फेकायच्या, नवे लावायच्या, की यंत्र पुन्हा ओरडायचं. पाचव्या दिवशी मी तिथेच उभा राहिलो. पी सायफिन मागच्या खोलीतून जेवून आल्या, काउंटरवर उभ्या राहिल्या आणि यंत्र ओरडलं. त्यांच्या डब्यात कच्च्या पपईची कोशिंबीर होती, तिच्यावर प्ला रा ओतलेलं. प्ला रा म्हणजे महिनोन्महिने आंबवलेल्या मासळीचं पाणी. ईसानच्या माणसाला त्याशिवाय घास उतरत नाही.

"तुझ्या पेटीला ईसानची माणसं चालत नाहीत वाटतं," त्या म्हणाल्या.

"पी, तुम्ही डबा बदललात तर..."

"पेटी बदल."

पेटी बदलणं शक्य नव्हतं, म्हणून मी शून्य बदललं. रोज सकाळी सहाला पाळी बदलायची तेव्हा पी सायफिननी जाळीजवळ वाकून तीनदा श्वास सोडायचा आणि हिरवं बटण दाबायचं. दुकानाची हवा आणि पी सायफिन मिळून शून्य. त्या दिवसापासून यंत्र गप्प झालं. वरिष्ठांना ही युक्ती इतकी आवडली की सगळ्याच दुकानांत दिवसपाळीच्या प्रमुखाचा श्वास शून्य धरायचा नियम झाला. एका बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. मला त्या अजून ऐकू येतात.

सहाएक महिन्यांनी नवंच नाटक सुरू झालं. यंत्र अधूनमधून म्हणायचं की केळी उतरली. केळी तर टणक, हिरवट. तिसऱ्या खेपेला पी सायफिनचा मला फोन आला.

"नोंग रंग, केळी ठीक आहेत. उतरलेत ते लुंग प्रासित."

लुंग म्हणजे काका. लुंग प्रासित हे टॅक्सीवाले, रोज सकाळी कॉफीला येणारे. ते आले की यंत्र बोंबलायचं आणि गेले की थांबायचं. पी सायफिननी तीन दिवस घड्याळ लावून हे पाहिलं होतं. त्यांनी काकांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. साखर सव्वाचारशे निघाली. साखर जाळता येत नसली की शरीर चरबी जाळतं, त्यातून अ‍ॅसिटोन तयार होतं आणि ते श्वासातून बाहेर पडतं. त्याला पिकल्या फळासारखा वास येतो. यंत्र खोटं बोलत नव्हतं, फक्त त्याला केळ्यापलीकडचं जग ठाऊक नव्हतं.

ते आम्ही त्याला दाखवलं. इस्पितळांमधून हजारो श्वास गोळा केले आणि वर्षभरात ते मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, फुप्फुसाची एक व्याधी आणि यकृताची खराबी ओळखू लागलं. ज्यांनी फोनवरून संमती दिली असेल त्यांच्या पावतीखाली एक ओळ छापून यायची: कृपया अमुक तपासणी करून घ्या. दूरच्या गल्ल्यांतून माणसं आमच्या दुकानात येऊ लागली. एक पाण्याची बाटली घ्यायची आणि पावतीकडे डोळे लावून उभं राहायचं.

सांगितलं तरी सगळे डॉक्टरकडे जात नाहीत. त्यांना तिकडे धाडायचं काम पी सायफिनचं. दुचाकीवरून भाडी मारणारे गडी आपल्याकडच्या रिक्षावाल्यांसारखे अरेरावी करणारे, पण पी सायफिनपुढे मान खाली घालायचे. "गेलास का? गेल्याशिवाय बर्फ मिळणार नाही," असं त्या भर रांगेत ऐकवायच्या. आणि कोणी यंत्रावर शंका घेतली की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं: "मी दिवसभर याच्यापुढे उभी असते. मला काही असतं तर सगळ्यात आधी मला सांगितलं असतं."

हे वाक्य मी माझ्या कानांनी दहा वेळा तरी ऐकलं असेल. एकदाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. किटलीचाच भार रोज गुंजभर वाढत असेल आणि तुम्ही रोज नव्याने धडा करत असाल, तर तराजू जन्मात तुम्हाला ते सांगणार नाही. किराणा दुकानदाराच्या पोराला हे कळायला हवं होतं.

आता चौदाव्या महिन्याचं सांगतो. मला सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं.

पट्टीवरचे लेप कालांतराने झिजतात आणि शून्य हळूहळू सरकतं. म्हणून मी सोय केली होती की शून्य फार सरकलं तर मला सूचना यावी. चौदाव्या महिन्यात लाट फ्रावच्या दुकानाची सूचना आली. मी सकाळी सहाला जाऊन जुनी पट्टी काढली, कोरी बसवली. पी सायफिन वाकल्या, तीनदा श्वास सोडला, बटण दाबलं. कोऱ्या पट्टीनेही तोच आकडा दाखवला.

म्हणजे पट्टी झिजली नव्हती. हवा बदलली होती, नाहीतर पी सायफिन. जाळीपासून त्यांना मागे सारून मी रिकाम्या हवेचा एक नमुना घेतला. हवा तीच होती.

मला त्यांना विचारायला हवं होतं, पण काय विचारणार? 'पी, तुमच्या तोंडाला हल्ली वेगळा वास येतो, तब्येत बरी आहे ना?' वडिलकीच्या बाईला, तिच्या हाताखालच्या पोरींसमोर? आपल्याकडे याला भीड म्हणतात. थाई भाषेत क्रेंगचाय म्हणून एक शब्द आहे, तो थेट आपल्या भिडेचा सख्खा भाऊ. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून गप्प राहायचं. त्या देशात दहा वर्षं काढून मी थाई माणसांसारखं वागायला शिकलो असं मला अभिमानाने वाटायचं. खरं तर ते मी मिरजेहूनच घेऊन आलो होतो. मी मनात म्हटलं, दात किडला असेल, नाहीतर कसला काढा घेत असतील. आणि पडद्यावर 'स्वीकार' दाबलं.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं, पी. पट्टीच खराब होती."

त्यांनी मला एक वाफाळलेला पाव दिला आणि मी कामाला गेलो.

बाविसाव्या महिन्यात त्या एकदा म्हणाल्या की अंगाला खाज सुटते, जेवण जात नाही. हातावर ओरखडे होते. मी घाईत होतो. म्हटलं, "यंत्र काही म्हणालं का?"

"नाही म्हणालं."

"मग?"

आम्ही दोघंही हसलो. हे वाक्य मी परत घेऊ शकत नाही. घेता आलं असतं तर त्याच्या बदल्यात मी बाकी सगळी विद्या देऊन टाकली असती.

सव्विसाव्या महिन्यात एका दुपारी त्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला दिव्याकडे वळल्या आणि मला त्यांचे डोळे दिसले. दुकानातल्या पांढऱ्याफटक उजेडात ते हळदीसारखे पिवळे होते. मी मागच्या खोलीत गेलो, कोकच्या खोक्यांवर संगणक ठेवला आणि सकाळी सहाची सगळी शून्यं एकाखाली एक लावली. सातशे नव्वद सकाळी. मग ती शून्य न धरता साधे श्वास समजून यंत्राकडे तपासायला दिली. तेराव्या महिन्यापासून पुढच्या प्रत्येक श्वासाला यंत्र एकच गोष्ट म्हणत होतं: यकृत, यकृत, यकृत.

ईसानच्या नद्यांतल्या कच्च्या मासळीत एक चपटा जंत असतो. तो पित्तनलिकेत घर करतो, वर्षानुवर्षं तिथे राहतो आणि कधीकधी तिथे कर्करोग होतो. हा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही. दिसायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. पण यकृताला अडचण होऊ लागली की गंधकाचे काही रेणू रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात येतात, डोळे पिवळे व्हायच्या फार आधी. त्या टप्प्यावर तो कापून काढता येतो.

मी बाहेर आलो. "पी, आत्ता दवाखान्यात जायचंय."

"पेटी म्हणाली?"

"हो."

त्यांनी लगेच एप्रन काढला. पेटीवर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. डॉक्टर म्हणाले की आता शस्त्रक्रिया होण्यासारखी नाही, सहाएक महिने धरून चाला.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या वरिष्ठ पाविनाबाईंकडे गेलो. उरलेल्या सगळ्या दुकानांतले दिवसपाळीचे प्रमुखही शून्यच होते, त्यांचे श्वास ताबडतोब उघडून पाहायला हवेत, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाईट बाई नव्हे ती.

"गिऱ्हाइकांनी संमती दिली आहे," त्या म्हणाल्या. "कर्मचाऱ्यांनी दिलेली नाही. त्यांना आपण फक्त बटण दाबायला सांगितलं होतं. त्यांचा आजार शोधणं कायद्याने गुन्हा होईल."

"मग संमती मागू."

"आणि का मागतोय ते काय सांगणार? वकिलांना विचारते. महिनाभर थांब."

थांबून काय होतं ते मी पाहिलं होतं. त्या आठवड्यात मी सगळी शून्यं उघडली. तेवीस नावं निघाली. प्रत्येकाला मी स्वतः फोन केला, माझ्या मोडक्यातोडक्या थाईत. दोघांनी शिव्या घालून फोन आपटला, त्यांना मी पुन्हा केला. पुढे कळलं की एकोणीस जणांचा आजार वेळेत सापडला. कंपनीने मला काढून टाकलं, खटल्याची धमकी दिली, आणि दोन महिन्यांनी गाजावाजा न करता सगळ्या दुकानांत शुद्ध हवेची नळकांडी पाठवायला सुरुवात केली. पोचवणारा माणूस सापडला म्हणायचा.

पी सायफिन तोवर गावी गेल्या होत्या, रोइएतजवळच्या खेड्यात. मी भेटायला गेलो तेव्हा त्या खांबांवर उभ्या असलेल्या घराखालच्या सावलीत, बांबूच्या बाजेवर पडून होत्या. निम्म्याही उरल्या नव्हत्या. त्यांची मुलगी प्लॉय, पंचविशीची, शहरातली नोकरी सोडून आईजवळ येऊन राहिली होती. ती चुलीपाशी काहीतरी भाजत होती.

मी त्यांना सगळं सांगितलं. सकाळी सहाला त्या जे बटण दाबायच्या त्याचा अर्थ काय होता, यंत्र त्यांच्याबाबत गप्प का राहिलं, तेवीस माणसं, एकोणीस माणसं, सगळं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. एकोणीसचा आकडा ऐकून त्यांना बरं वाटलं. "त्यांना दवाखान्यात जायला लावलंस ना? नुसतं सांगून जात नाहीत ती," म्हणाल्या. चुलीपाशी प्लॉयचे हात थांबले होते.

"माझ्या श्वासात कधीपासून दिसत होतं?" त्यांनी विचारलं.

बँकॉकहून निघताना मी ठरवलं होतं की हे सांगायचंच. आठ तासांच्या बसप्रवासात ते वाक्य मी थाईत पाठ केलं होतं: वर्षभरापूर्वी, आणि मला शंका आली होती, आणि मी विचारलं नाही. ते ओठांवर होतं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, काळजी होती, माझ्याबद्दलची.

"शेवटच्या महिन्यात," मी म्हणालो.

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. "मग काय," त्या म्हणाल्या. "एका महिन्याने काय होणार होतं. इतका लांब आलास उगीच मनाला लावून घेऊन." त्यांनी हात पुढे केला, माझ्या मनगटावर थोपटल्यासारखं केलं. मग प्लॉयकडे वळून म्हणाल्या, "सकाळपासून उपाशी असेल हा. त्याला आधी वाढ."

प्लॉयने वेताच्या टोपलीतला चिकट भात आणि भाजलेली कोंबडी माझ्यापुढे ठेवली. तिने दोन्ही हात जोडून, मान लववून माझे आभार मानले, तिच्या आईसाठी मी जे केलं त्याबद्दल. भूक लागलेली होती. मी जेवलो. मागून आणखी भातही घेतला.